काळजाचा ठोका चुकला आणि मी मोजत बसले

"काळजाचा ठोका चुकला" हे आपण किती सहज म्हणून जातो ना, मोबाईल हातातून निसटला की चुकला, पोरगं गर्दीत दोन मिनिटं दिसेनासं झालं की चुकला. माझा खरोखरचा चुकला तेव्हा असलं काहीच घडलेलं नव्हतं. रात्री डाव्या कुशीवर पडून मोबाईल बघत होते आणि छातीत एकदम काहीतरी थांबलं, क्षणभर नुसतं रिकामं, आणि मग आतून कोणी लाथ मारावी तसा धपकन एक ठोका. उठून बसले. दोन मिनिटांनी परत तेच. नवऱ्याला हलवून उठवलं तर तो झोपेतच म्हणाला, "अगं ॲसिडिटी असेल, पाणी पी." पाणी प्यायले, आणि पाणी पिताना पण एक धपका बसला.

त्या रात्री नाडी बघायला जी दोन बोटं मानेवर गेली ती पुढचे आठ महिने तिथेच होती असं म्हटलं तरी चालेल.

रीतसर सगळं केलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम पण नॉर्मल. पहिल्या डॉक्टरांनी फाईल मिटवली आणि "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका" म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता "टेन्शन घेऊ नका" हे ऐकून आजवर कुणाचं टेन्शन गेलंय मला माहीत नाही, माझं तर वाढलं, कारण काही नाहीये तर हे छातीत रोज दहा-बारा वेळा होतंय ते काय आहे? आणि मला तेव्हा हेही कळत नव्हतं की ईसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांचा फोटो. दिवसात दहा वेळा होणारी गोष्ट नेमकी त्या दहा सेकंदांत कशी सापडणार? प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट मला दीड दिवस पुरायचा, मग वाटायचं की मशीनलाच सापडलं नसेल.

मग स्मार्टवॉच घेतलं. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100 असते हे पाठच झालं होतं, त्यामुळे 98 दिसलं की पोटात गोळा यायचा, गोळा आला की 106 व्हायची, 106 बघून 118. घड्याळाकडे बघूनच नाडी वाढतेय हे कळायला मला, म्हणजे शिकल्यासवरल्या बाईला, दोन महिने लागले. बरं नुसता आकडा नाही, लय पण तपासायचे मी. एकदा लक्षात आलं की श्वास आत घेताना ठोके भरभर पडतात आणि सोडताना सावकाश, झालं, आता तर पक्का बिघाड सापडला म्हणून रडायला लागले. नंतर कळलं की हे अगदी नॉर्मल असतं, उलट तब्येत चांगली असल्याचं लक्षण धरतात. म्हणजे निरोगी हृदय जे करतं तेच पकडून मी रडत होते.

जिने चढणं बंद केलं, डाव्या कुशीवर झोपणं बंद केलं, घरात एकटी असले की बाथरूमची कडी लावायची नाही. एका संध्याकाळी तर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, म्हटलं आता गेलेच. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "तू आधी तो श्वास हळू घे बघू, फोनवर धापा ऐकू येतायत मला." तिला काही वैद्यकीय माहिती नाही पण तिचं बरोबर होतं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. यांनी आधी प्रश्न विचारले, आणि ते इथे लिहिते कारण ते महत्त्वाचे आहेत. चक्कर येऊन कधी शुद्ध हरपली का, व्यायाम करताना किंवा पळताना होतं का, सोबत छातीत दुखतं का, दम लागतो का, एकदम बटण दाबल्यासारखं सुरू होऊन नाडी दीडशेच्या वर जाऊन तशीच राहते का, घरात कोणी कमी वयात अचानक गेलंय का. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर माझ्यासारखं मोजत बसू नका आणि हे वाचत पण बसू नका, दाखवून या.

माझं सगळं नाही होतं. तरी त्यांनी 24 तासांचा होल्टर लावला, म्हणजे दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र. छातीला चिकटवलेल्या वायर, कमरेला डबी, आणि धडधडलं की डबीवरचं बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. चिकटपट्टीखाली इतकी खाज येते की हृदय राहतं बाजूला. (नॉर्मन होल्टरने 1940च्या दशकात पहिलं असं यंत्र बनवलं ते 38 किलोच्या आसपास होतं, पाठीवर बांधून फिरायचं. हे वाचल्यावर खाजेबद्दल तक्रार बंद केली.)

रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी माझी वही मागितली. मी 11 वेळा बटण दाबलं होतं. त्यातल्या 4 वेळी खरंच जादा ठोका होता. उरलेल्या 7 वेळी हृदय आपलं निवांत नेहमीसारखं चाललेलं, काहीही झालेलं नाही. आणि पहाटे तीन ते पाच या वेळात जवळजवळ साठ जादा ठोके होते, तेव्हा मी गाढ झोपेत होते, मला पत्ताच नाही. एकूण ठोके 1 लाखाच्या वर, जादा दोनशेच्या आसपास. मी त्या कागदाकडे बघतच राहिले. म्हणजे होत होतं तेव्हा मला कळत नव्हतं, आणि मला कळत होतं तेव्हा बऱ्याचदा होतच नव्हतं!

मग त्यांनी तो धपका समजावून सांगितला. ठोका चुकत नाही, उलट एक ठोका वेळेआधीच पडतो. तेवढ्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं त्यामुळे तो फुसका जातो, नाडीला लागतच नाही. मग हृदय जरा जास्त वेळ घेतं, तेवढ्या वेळात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. मला भीती वाटायची तो धपका म्हणजे गाडी परत रुळावर आल्याचा आवाज. डाव्या कुशीवर जास्त जाणवतं कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. ॲड्रेनालिन वाढलं की असे ठोके वाढू शकतात, म्हणजे मी घाबरून स्वतःच त्यात भर घालत होते. हृदय ठणठणीत असेल तर असे तुरळक ठोके कितीतरी लोकांना असतात, बहुतेकांना जाणवतही नाहीत.

हे ऐकून बरं झालं का? नाही, लगेच नाही. समजलं डोक्याला, बोटं मानेवर जायचीच. मग एका समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांनी बोटं लावू नका असं सांगितलंच नाही. म्हणाल्या, लावा, पण दहा मिनिटांनी. धडधडलं की घड्याळात वेळ बघायची आणि दहा मिनिटं हातातलं काम चालू ठेवायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटं जमलं. भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवून परत उचलली, परत ठेवली. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा असं झालं की दहा मिनिटं होऊन गेली आणि मी विसरले. जिना परत सुरू केला, आधी एक मजला, वर जाऊन धापा टाकत उभी राहायचे, नाडी 130, आणि तशीच उभी राहायचे ती खाली येईपर्यंत. श्वास सोडताना लांबवायचा हे पण करते, त्याने नाडी थोडी उतरते. कॉफी कमी केली, फरक पडला की नाही खरंच सांगता येत नाही. जागरणाने मात्र नक्की वाढतं, माझं तरी.

ठोके गेलेले नाहीत. हे लिहिताना सुद्धा दोन येऊन गेले, लक्ष तिकडेच आहे म्हटल्यावर येणारच.

स्मार्टवॉच ड्रॉवरमध्ये आहे, चार्जिंग संपून चार महिने झाले. परवा नवरा म्हणाला, "वापरत नाहीस तर कुणाला तरी देऊन टाकू का?" मी म्हटलं, राहू दे जरा.