हिमवंताचा आंबा आणि तीन शिक्के

वेंगुर्ल्यात सहा वर्षं इंग्रजीचे क्लास घेतल्यावर डोक्यात आलं, थायलंडमधल्या फुकेतला जाऊन शिकवावं. समुद्र, माड, मासे सगळं ओळखीचं, पगार मात्र बरा. जाहिराती बघायला लागले तर पहिल्याच ओळीत ‘नेटिव्ह स्पीकर हवा’. म्हणजे इंग्रजी कसं येतं ते नंतर, आधी पासपोर्ट दाखवा. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, जेमतेम एवढेच देश. बाकीच्यांकडे बहुतेक शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० गुण मागतात. इंग्रजीत एम.ए. करून पुन्हा परीक्षा द्यायची जिवावर आलं होतं, पण दिली. ९९० पैकी ९०५. इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवायची त्याचा १२० तासांचा टेफल कोर्स रात्री जागून उरकला. चाळीसेक अर्ज टाकले, पाच उत्तरं आली. त्यातल्या दोन शाळांनी व्हिडिओवर माझा चेहरा बघून ‘कळवतो’ म्हटलं, ते अजून कळवतायत.

मधे एक एजंट भेटला. भारतीयांना तेव्हा ३० दिवस व्हिसा लागत नव्हता. तुम्ही या तर खऱ्या, कागद मागाहून करू, असं त्याचं म्हणणं. वर्क परमिटशिवाय तिकडे वर्गात उभं राहणं बेकायदा. धाड पडली तर सापडणार मी, तो थोडाच! त्याला लांबूनच नमस्कार केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका खासगी शाळेने डेमो मागितला. सात वर्षांच्या मुलांना वीस मिनिटांत ‘आय लाइक’ आणि ‘आय डोन्ट लाइक’ शिकवायचं. हाताशी चित्रं नव्हती. पडवीत नुकतीच उतरवलेली काजूची बोंडं पडली होती, त्यातलं एक लालभडक बोंडू काजीसकट कॅमेऱ्यासमोर धरलं, चावलं आणि घसा खवखवल्यासारखं तोंड केलं. पलीकडे मुख्याध्यापिका खो खो हसल्या. फुकेतलाही काजूची झाडं आहेत! थाई भाषेत काजूला ‘ममुआंग हिम्मफान’ म्हणतात, म्हणजे हिमवंताचा आंबा. पुढची दहा मिनिटं आम्ही काजूवरच बोललो. २८ हजार बात पगार ठरला, तेव्हाच्या भावाने ६४ हजार रुपयांच्या आसपास.

खरी परीक्षा पुढेच होती. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा शिक्का. बऱ्याच देशांना अपॉस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसारचा एकच शिक्का, चालतो, पण थायलंड त्या करारात नव्हता. पहिल्याच खिडकीवर अडकले. पासपोर्टवर माझ्या आडनावातला व ‘व्ही’ने, पदवीवर ‘डब्ल्यू’ने. मुलांना ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ शिकवताना ओठ दाताला टेकवा म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी, आणि मलाच ते अक्षर नडलं! प्रतिज्ञापत्र चालेना, पदवीच दुरुस्त करून आणा म्हणाले. विद्यापीठासाठी सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने मुंबईपर्यंत रात्रभर प्रवास, सकाळी रांग, ‘साहेब रजेवर आहेत’, रात्री परत. अशा तीन खेपा आणि पाच आठवडे गेले. कोणाला जायचं असेल तर अर्ज करण्याआधी सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. माझे एवढे हाल टळले असते.

त्यामानाने पोलिसांचा दाखला सहज मिळाला. चौकशीला आलेले हवालदार एवढंच म्हणाले, “लगीन ठरला काय परदेशात?” शाळेचं नेमणूकपत्र आणि तिथल्या शिक्षण खात्याचं पत्र आल्यावर नोकरीसाठीचा नॉन-बी व्हिसा झाला. तोही सुरुवातीला ९० दिवसांचाच. वर्क परमिट आणि मुदतवाढ तिकडे गेल्यावर. शिक्षक परिषदेचा तात्पुरता परवाना शाळेनेच बघितला, म्हणून मी वाचले.

निघताना आजीला व्हिसा, पगार सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “थंय मासे गावतत मा?”

मेच्या मध्यावर शाळा सुरू झाली. वर्गात सगळी मुलं उभी राहून ‘ख्रू’ म्हणाली. ख्रू म्हणजे शिक्षक, आपल्या ‘गुरू’वरूनच आलेला शब्द. त्याच दुपारी आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला, आमच्या मृगाच्या तीन आठवडे आधी. संध्याकाळी आजीला फोनवर कौतुकाने सांगितलं.

“मगे भायर वाळत घातलला आत घेतलंस मा?” ती म्हणाली.

नव्हतं घेतलं.