फ्री किक, रग्बी आणि रेफरीची परीक्षा: माझा अनुभव

मागच्या सीझनला मी जिल्हा लेव्हलची फुटबॉल रेफरीची परीक्षा पास झालो, त्याबद्दल लिहितोय, कारण इथे पुण्यात बरेच जण रग्बी, हॉकी वगैरे खेळून मग फुटबॉलच्या रेफरींगकडे वळतात आणि त्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं.

लेखी, तोंडी आणि पळायची टेस्ट असं सगळं असतं. पळण्याचं मला टेन्शन नव्हतं, तळजाई टेकडीवर रोज जाणं होतंच. खरा कस लागला तो नियम १३ वर, म्हणजे फ्री किक. मी कॉलेजात रग्बी खेळलोय आणि तिकडची फ्री किक अंगात मुरलेली, आणि फुटबॉलमध्ये नाव तेच पण खुणा जवळपास उलट्या.

रग्बीत फ्री किक म्हणजे हलकी शिक्षा. मोठ्या गुन्ह्याला पेनल्टी, तेव्हा रेफ हात सरळ तिरका वर करतो आणि टीमला वाटलं तर थेट पोस्टमधून मारून ३ पॉइंट घेता येतात. स्क्रममध्ये (दोन्ही टीमचे खेळाडू वाकून एकमेकांना ढकलतात ते) रेफने 'सेट' म्हणायच्या आधीच कोणी घुसलं, अशा छोट्या गोष्टींना फ्री किक, आणि तिथे हात कोपरात वाकवलेला असतो. त्यावरून डायरेक्ट गोल मारता येत नाही. आधी फ्री किक मिळाली की 'आम्हाला स्क्रम हवा' असं म्हणता यायचं, जुलै २०२४ पासून तेही बंद झालं, आता टॅप करा (बॉलला पाय लावून खेळ सुरू करा) नाहीतर किक मारा.

आणि फुटबॉलमध्ये? हात सरळ डोक्यावर म्हणजे इनडायरेक्ट (बॉल आधी दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय गोल होत नाही), म्हणजे हलकी वाली! डायरेक्ट असेल तर हात वर ठेवायचाच नाही, फक्त दिशा दाखवायची. म्हणजे ज्या हाताचा अर्थ माझ्या डोक्यात 'मोठी शिक्षा' असा पक्का बसलेला, तोच हात इथे 'थेट गोल चालणार नाही' सांगतो. हे नुसतं पाठ करून होत नाही, अंगाला कळावं लागतं. म्हणून मी मित्राला सोबत न्यायचो, तो मागून ओरडायचा 'ट्रिपिंग', 'बॅकपास', 'डेंजरस प्ले', 'ढकललं', आणि मी पळता पळता शिट्टी मारून हात दाखवायचो. शिकवणारे सर म्हणायचे चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा हात लांबून दिसला पाहिजे, अर्धवट नको.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं हेच धरलं. इनडायरेक्ट किक कोणालाही न लागता समोरच्या गोलमध्ये गेली तर? गोलकिक. स्वतःच्याच गोलमध्ये गेली तर? समोरच्याला कॉर्नर, आणि हे डायरेक्टलाही लागू. मग विचारलं, रेफने हात वरच केला नाही आणि इनडायरेक्ट किक थेट गोलमध्ये गेली, आता काय? उत्तर आहे किक परत घ्यायची, कारण ती इनडायरेक्ट आहे हे खेळाडूंना सांगायचं काम रेफचं होतं. मला हा नियम फार आवडतो, खुणेची जबाबदारी पूर्ण रेफवर टाकलीय.

अभ्यास करताना एक प्रश्न सारखा डोक्यात, एकाच नावाची गोष्ट प्रत्येक खेळात इतकी वेगळी का? तर १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनचे पहिले नियम झाले तेव्हा त्यात हाताने बॉल झेलता यायचा, आणि फेअर कॅच (बॉल जमिनीला लागायच्या आधी झेलणं) घेऊन लगेच टाचेने जमिनीवर खूण केली की फ्री किक मिळायची! फुटबॉलमधून पुढे कॅच गेला पण बाकीच्यांनी तो सोडला नाही. रग्बीत आपल्या २२ मीटरच्या आत समोरच्याची किक झेलून 'मार्क' ओरडलं की फ्री किक. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये किमान १५ मीटर आलेली किक कुणीही झेलली की मार्क, मग निवांत किक. अमेरिकन फुटबॉलमध्येही फेअर कॅच नंतर थेट पोस्टवर किक मारायची सोय अजून आहे, फारसं कोणी वापरत नाही, पण डिसेंबर २०२४ मध्ये चार्जर्स टीमच्या कॅमेरॉन डिकरने ५७ यार्डांवरून पोस्टमधून मारली, अशी यशस्वी किक एनएफएलमध्ये (तिथली मुख्य लीग) १९७६ नंतर पहिल्यांदाच. हे वाचल्यावर माझा गोंधळ खरंच कमी झाला, कारण तिकडे फ्री किक हे चांगल्या कॅचचं बक्षीसही आहे आणि आपल्याकडे ती फक्त समोरच्याच्या चुकीवर मिळते.

परीक्षेनंतर एसएसपीएमएस शाळेच्या ग्राउंडवर मुलांच्या एका मॅचला मी मधला रेफ होतो. डिफेंडरने मुद्दाम पायाने मागे पास दिला आणि कीपरने हाताने उचलला, गोलच्या अगदी तोंडाशी. १९९२ पासूनचा बॅकपासचा नियम, इनडायरेक्ट. अशा वेळी बॉल गोल एरियाच्या (गोलसमोरचा छोटा चौकोन) ५.५ मीटरच्या लाइनवर आणून ठेवायचा, आणि समोरच्यांना ९.१५ मीटर (१० यार्ड) लांब जायचं म्हटलं तर जागाच नसते, म्हणून त्यांना दोन पोस्टच्या मध्ये गोललाइनवर उभं राहता येतं. अख्खी टीम लाइनवर, एकमेकांचे शर्ट धरून. अटॅक करणारा एक जण भिंतीत घुसला, त्याला बाहेर काढलं, तीन किंवा जास्त डिफेंडरची वॉल असेल तर अटॅकरने १ मीटर लांब राहायचं. बाहेरून कोच ओरडतायत 'रेफ, दहा यार्ड!', किक घेणारा मुलगा विचारतोय 'सर, डायरेक्ट आहे का?'. माझा हात आधीपासूनच वर होता, त्याला म्हटलं 'हात बघ'. शिट्टी, पहिल्याने हलका टच दिला, दुसऱ्याने जोरात हाणली, तेव्हा हात खाली. बॉल एका डिफेंडरच्या गुडघ्याला लागून बाहेर, कॉर्नर. कोणीच वाद घातला नाही आणि मला त्या दिवशी खूप बरं वाटलं.

ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांनी जुन्या पीडीएफवर अजिबात अभ्यास करू नका. कीपरने ६ सेकंदांपेक्षा जास्त बॉल धरला तर इनडायरेक्ट असं अजूनही बऱ्याच नोट्समध्ये आहे, पण २०२५-२६ पासून मर्यादा ८ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर, शिवाय शेवटचे ५ सेकंद रेफने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. नियम १३ वाचताना १२ (फाउल) आणि ११ (ऑफसाइड) सोबत घ्या, फ्री किकवर ऑफसाइड लागू होतो, गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवर होत नाही, हे तोंडीला हमखास विचारतात.