पाट तुटला की पाणी पुढे जात नाही

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पेट्या भरून गाडी वाशीला लावायची होती आणि दादा खळ्यात पोट धरून ओणवा झालेला. कळ पाठीत निघत होती, आडवं पडलं की वाढायची. गावात ‘पित्त’ म्हणून इंजेक्शन झालं. दोष तरी कुणाला द्यायचा, आमच्याकडे पोटात दुखलं की ते पित्तच असतं. पहाटे करूळ घाट चढून कोल्हापूर गाठलं. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा एक पाचकरस, नेहमीच्या तिपटीच्याही कितीतरी वर, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. स्वादुपिंडाला सूज.

पहिले दोन दिवस नुसती सलाईन, वेदनाशामक आणि लघवीचं माप. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “भावजी, एवढं मोठं हॉस्पिटल, आणि साधं अँटिबायोटिक देत नाहीत?” खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. मी डॉक्टरांशी जरा चढ्या आवाजातच बोललो.

ते चिडले नाहीत. म्हणाले, ही सूज जंतूंची नाही, स्वादुपिंडाचे पाचकरस त्यालाच जाळताहेत. जंतू नसताना आधीच अँटिबायोटिक देऊन फायदा दिसलेला नाही.

पाचव्या दिवशी सीटी स्कॅन झाला. आधी का नाही, तर स्वादुपिंडाचा मेलेला भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट दिसत नाही. शिरेतून रंगद्रव्य सोडतात, ते रक्ताबरोबर जातं आणि जिथे पोचतं तो भाग उजळतो. पडद्यावर स्वादुपिंडाच्या शेपटीकडचा तुकडा उजळ होता, मधला मात्र काळपट, ओल्या राखेसारखा. “इथे रक्त नाही,” डॉक्टरांनी पेनाचं टोक टेकवलं. सुजेत बारीक वाहिन्या आवळतात, पाणी बाहेर झिरपून रक्त दाटतं, गुठळ्या धरतात. आणि औषध जातं ते रक्तावरूनच.

तेव्हा मला आमचं खालचं आगर आठवलं. वरच्या पोफळीपाशी पाट ढासळला की पंप दिवसभर चालवा, खालच्या माडांची आळी कोरडीच. दोष पंपाचा नसतो. त्यानंतर मी अँटिबायोटिकवरून भांडलो नाही.

अठराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. नव्या सीटीत त्या काळ्या भागात हवेचे बुडबुडे होते, म्हणजे आता खरोखर जंतू शिरले होते. त्याच संध्याकाळी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं. स्वादुपिंडात बऱ्यापैकी उतरणारी औषधं मोजकीच, हे त्यातलं एक. जेंटामायसिनच्या जातीची तिथे फारशी पोचत नाहीत. पण मेरोपेनेमही जिवंत भागात आणि कडेपर्यंतच नीट जाणार. आतला मेलेला गाळ काढावा लागतो, तोही लगेच नाही. भोवती भिंत धरायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर थांबायचं. ते नऊ-दहा दिवस मला सगळ्यात जड गेले.

मग डाव्या कुशीतून नळी घातली. पोट उघडण्याआधी नळी, हा क्रम २०१० च्या एका डच अभ्यासानंतर रुळला. त्यात आधी नळी घातलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांचं नळीवरच भागलं होतं. दादा त्यांतलाच निघाला. पिशवीत पहिल्या दिवशी तपकिरी, चिकट, कुबट वासाचं ३०० मिली. नळी तुंबू नये म्हणून नर्स सलाईनने धुवायची. माप मी पेट्यांच्या वहीत मागच्या पानांवर लिहायचो: ३००, १८०, २१०, ९०. पुढच्या पानांवर हापूसचा हिशेब तसाच अर्धवट.

नाकातली नळी निघाली त्या सकाळी दादा म्हणाला, “माका पेज व्हयी.” मिठाची पातळ पेज, चार चमचे. त्या दिवशी पिशवीत १५ मिली होतं.

पित्ताशय सप्टेंबरात काढलं.