कुलूप का काढलं?

"देवगडात तुमचा आंब्याच्या हिशोबाचा प्रोग्राम जो तो पेन ड्राइव्हवरून उचलतो. त्याला कुलूप का नाही लावत?" हे मला दलालांनी विचारलंय, मेहुण्यानेही विचारलंय. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कुलूप होतं. प्रोग्राम हार्ड डिस्कचा नंबर ओळखायचा, दुसऱ्या मशीनवर उघडायचाच नाही. एका मे महिन्यात, हंगाम ऐन भरात असताना, जामसंड्याच्या एका काकांची डिस्क गेली. त्यांनी प्रोग्राम पूर्ण पैसे मोजून घेतलेला. नवी डिस्क बसवली, बॅकअप होता, पण प्रोग्राम त्यांना ओळखेना. मी तेव्हा रेल्वेत, बोगद्यामागून बोगदे, फोनला रेंज नाही. रात्री फोन लागला तेव्हा ते रागावलेही नाहीत. "तुझो प्रोग्राम उघडणा नाय. वाशीसून पट्टी इली हा, हिशोब खंय घालू?" एवढंच. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब. कुलूप तोडून घेतलेल्यांचं मात्र त्या दिवशीही सुरळीत चाललं होतं. माझ्या कुलपाचा जाच झाला तो पैसे देणाऱ्याला.

कायदा माझ्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३-ब जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्याला कैद आणि दंड सांगतं. पण ज्यांच्या शेजारी बसून मी जत्रेत दशावतार बघतो, त्यांना कोर्टात खेचायचं? त्या नाटकाला तिकीट नसतं. आरतीचं ताट फिरतं, ज्याला जमेल तो टाकतो, आणि दशावतारी नाटक कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत.

सॉफ्टवेअरमध्येही हे नवं नाही. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम क्नॉफ या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, आपापले प्रोग्राम असेच सोडले: कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोग झाला तर पैसे पाठवा. क्नॉफ यांच्याकडे इतके पैसे आले की पुढे त्यांनी नोकरी सोडली.

मी त्यात एकच भर घातली, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. पैसे कधी मागायचे? मार्चमध्ये बागायतदाराचा पैसा फवारणीत, राखणीत, पेट्यांत अडकलेला असतो. म्हणून माझा प्रोग्राम तेव्हा गप्प बसतो. जूनमध्ये शेवटची पट्टी नोंदवली की पडद्यावर हंगामाची एकूण पेटी, हमाली वगैरे खर्च वजा जाऊन हातात आलेली रक्कम, आणि खाली क्यूआर कोड. किती द्यायचे ते त्यांनी ठरवायचं. कोणी दोनशे पाठवतो, कोणी हजार, पुष्कळजण काहीच नाही. तरी कुलपाच्या दिवसांपेक्षा आज मला जास्त मिळतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडाखाली आंब्यांचा सडा पडला. त्या जूनमध्ये मी तो कोड बंदच ठेवला. पुढच्या वर्षी काहींनी दोन्ही वर्षांचे पाठवले.

यंदा जामसंड्याच्या त्याच काकांचा फोन आला. मुलाने आणि पुतण्याने त्यांच्याकडूनच प्रोग्राम घेतला होता. "तिघांचे मिळून किती देऊ ता सांग." मी आकडा सांगितला नाही. संध्याकाळपर्यंत पैसे आले होते.