भिंतीच्या पोटातलं

तसबीर लावण्यासाठी ड्रिल मशीन हातात घेतलं, की मी आधी भिंतीखाली वर्तमानपत्र अंथरतो. कचरा होऊ नये, हे घरात सांगायचं कारण. खरं म्हणजे मला तो भुगा बघायचा असतो. गिलावा आणि रंगामुळे सगळ्या भिंती सारख्याच दिसतात; आतून आपण कोण, हे भोक पडल्याशिवाय भिंत कबूल करत नाही.

पहिल्यांदा येते ती करडी भुकटी. ती गिलाव्याची, तिच्यावरून काही ठरवायचं नाही. तिच्यामागून तांबडा भुगा आला की मला उगाचच बरं वाटतं. वीट! मातीतलं लोखंड भट्टीत प्राणवायूशी संग करतं, त्याचा हा रंग. मातीत चुना भरपूर असला तर वीट पिवळट निघते.

विटेबद्दल मी जरा पक्षपाती आहे. तिची रुंदी माणसाच्या पंजाने ठरवलीय. एका हातात ती मावली पाहिजे, कारण गवंड्याच्या दुसऱ्या हातात थापी असते. लांबीचं गणितही बघा: वीट ९० मिलिमीटर रुंद, तशा दोन शेजारी ठेवल्या, मध्ये १० चा सांधा धरला, की १९० होतात. एका विटेची लांबी बरोबर तेवढीच. म्हणून भिंतीच्या लांबीला धरून लावा किंवा आडवी घालून तिचं तोंड बाहेर काढा, थर जुळतात. हडप्पाकालीन विटांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असे. पंजा काही तेव्हापासून बदललेला नाही.

वरच्या थरातली वीट खालच्या सांध्यावर बसवायची, म्हणजे सांधा मोडायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. सांध्यावर सांधा आला तर ती भिंत राहत नाही, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या चळती होतात. दुसरा धडा पाण्याचा. वीट भिजवून मगच लावायची. कोरडी वीट मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी घटाघटा पिऊन टाकते आणि सिमेंट तहानलेलंच राहतं. बादलीत वीट सोडली की बुडबुड्यांची जी माळ निघते, ती थांबेपर्यंत बघत उभं राहणं हा माझा लहानपणचा आवडता रिकामा उद्योग. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का, हे बघण्याची सवयही तेव्हाचीच. बद्द आवाज म्हणजे कच्ची किंवा तडकलेली.

या विटेवर इंग्लंडात १७८४ साली सरकारने कर बसवला, तोही दर हजारी. मग काय, कारखानदारांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली! मोठ्या विटांवर जादा कर लावून सरकारला १८०३ साली तो डाव मोडावा लागला. कर रद्द व्हायला १८५० उजाडलं.

हल्लीच्या घरात मात्र भुगा बहुधा पांढरा येतो, पिठासारखा. ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरतं आणि आपण घाबरून हात आखडता घेतो. हा एएसी ब्लॉक, म्हणजे फुगवून वाफेत शिजवलेल्या काँक्रीटचा ठोकळा; बोलीत नुसता ब्लॉक. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात जन्मलेला. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या रबड्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घालतात. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, सगळं फुगतं, मग तारेने कापून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. आत बहुतेक हवाच, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. डझनभर विटांची जागा एकटा अडवतो, वजन मात्र त्यांच्या निम्म्याहून कमी. उंच इमारतीत सगळा भार खांब आणि तुळया घेतात, भिंतीने फक्त आडोसा करायचा. तिथे ही हलकी मंडळी शोभतात. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीत १८९१ साली विटांच्या भिंतींवर सोळा मजले चढवले, तेव्हा तळाशी भिंत सुमारे १.८ मीटर जाड करावी लागली. एवढ्या जागेत कुणाची तरी खोली झाली असती.

ब्लॉकमध्ये साधा खिळा टिकत नाही, आठवड्याभरात तसबिरीसकट मान टाकतो. त्याला आत जाऊन फाकणारी खास खुंटी लागते. हे मला दोन तसबिरी फुटल्यावर कळलं.

करडा भुगा येत राहिला आणि मग ड्रिल एकदम धप्पकन आत गेलं, तर तो सिमेंटचा पोकळ ठोकळा. त्याच्या पोटातल्या कप्प्यांत सळ्या उभ्या करून काँक्रीट ओतलं की तीच भिंत भूकंपाला तोंड देऊ शकते. याला विटेसारखं भिजवायला गेलात तर फसलात; ओला ठोकळा नंतर वाळताना आकसतो आणि भिंतीला चिरा पाडतो.

एकदा एका मित्राकडे तांबडा भुगा बघून मी ऐटीत ‘वीट’ म्हणून निकाल दिला. निघाला जांभा. हा दगड जमिनीत असताना मऊ, चिरे कापून उघड्यावर ठेवले की कडक होत जातो. मित्र बराच वेळ हसला. पण फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टर-अभ्यासकांनी मलबारात हा दगड पाहून १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, ते विटेच्या लॅटिन शब्दावरूनच. चुकायचं तर जुन्याजाणत्यांच्या सोबतीने.

परवा आमच्या दिवाणखान्यात भुगाच आला नाही. ड्रिल किंचाळलं, टोक लालबुंद झालं, भोक बोटाच्या पेरापुढे सरकेना. आत काँक्रीटचा खांब होता. तसबीर आता ठरल्या जागेपासून वीतभर डावीकडे आहे, आणि त्या भोकावर कॅलेंडर.