८० किलोमीटरची रपेट, मदतनीसाशिवाय

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत फेऱ्यांच्या मधे पशुवैद्य घोडा तपासतात. याआधी अशा रपेटीला दोन मदतनीस सोबत असायचे. या वेळी मी आणि घोडी, दोघीच. मार्ग दोन फेऱ्यांचा होता आणि प्रत्येक फेरी तळावरच परतत होती, म्हणून हे धाडस केलं. मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा असेल, तर आयोजक तुमची पिशवी तपासणीच्या जागी पोचवतात का, हे नाव नोंदवण्याआधीच विचारून घ्या.

मदतनीस नसल्याचं जाणवतं ते पशुवैद्यकीय तपासणीशी. घोड्याचे ठोके ठरलेल्या मर्यादेखाली (बहुधा मिनिटाला ६० किंवा ६४) आले, की मगच सक्तीच्या विश्रांतीचा वेळ मोजायला लागतात. तोवरचा खोळंबा आपल्याच खाती. एरवी एक जण खोगीर उतरवायचा, दुसरा पाणी ओतायचा आणि मी बाटली तोंडाला लावून उभी! आता शेवटचा किलोमीटरभर आधीच उतरले, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल केला आणि घोडीबरोबर चालत आले. पोचेपर्यंत ठोके बरेच उतरले होते. मदतनीस असले तरी हे करावं; पण तेव्हा कोण पायी चालतंय?

पाणी मानेवर, छातीवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतत राहा. खोगिराला दोरीने स्पंज बांधला, तर ओढा ओलांडताना वरूनच भिजवता येतो. घामातून पाण्यासोबत क्षारही भरपूर जातात, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होऊनही घोड्याला तहान जाणवत नाही. क्षार द्यायचे ते घोडा पाणी प्यायल्यावरच.

बादल्या पहाटेच भरून ठेवा, गवत भिजवून ठेवा, सुटा नालबूट (नाल निघाला तर खुरावर चढवायचा बूट) हाताशी ठेवा. लंगडेपणा तपासताना दुडक्या चालीने घोडा पळवायचा असतो, तोही आपल्यालाच, थकल्या पायांनी. घरी सराव हवा. एकटी बांधल्यावर घोडी शांत उभी राहत नसेल, तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शौचालयालाही जाता येणार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घोडा ओळखणारा एक तरी माणूस न्यावा. तिघे नकोत, गोंधळच होतो. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कप या स्पर्धेत १६० किलोमीटर २४ तासांत कापायचे असतात आणि तासाभराचे थांबे दोनच. तेवढ्या अंतराला, रात्री अंधारात, मी तरी मदतनिसाशिवाय जाणार नाही.