आमची वाटचाल : 'कारण' नावाचा रकाना

गिरगावात १२० चौरस फुटांच्या गाळ्यात २००९ साली आम्ही पुस्तकबांधणीचं दुकान सुरू केलं. एक शिकंजा (पुस्तकं दाबून ठेवायचा), हाताने चालवायचं कटिंग मशीन आणि खळ शिजवायला घरचंच पातेलं. प्रबंध, वकिलांची दफ्तरं, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, मिळेल ते काम घ्यायचो.

काम शिकलो मास्तरांकडे. जुजबंदी शिलाई, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने एकत्र शिवणं, करताना त्यांना दोऱ्याकडे बघावं लागत नसे. पुस्तकाची पाठ गोल करताना हातोडी अशी पडायची की आवाजावरून कळावं, काम मास्तरांचं आहे. मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ साली याच मुंबईत मराठी पंचांग छापलं, हे मला खळीत मोरचूद ढवळताना त्यांच्याकडूनच कळलं. आपण कुठल्या परंपरेतले, हे त्या माणसाने मला दिलं.

२०१२ च्या जूनमध्ये एका वाचनालयाच्या ४० खंडांचं काम मिळालं. आमचं तोवरचं सगळ्यात मोठं. वेळेवर दिलं, आणि जुलैअखेर एकेका खंडाचा पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वळला. वाचनालयवाल्यांनी ते मास्तरांना दाखवले. मास्तर एक खंड घेऊन दुकानात आले, टेबलावर ठेवला, बोटाने दाबला. तो होडीसारखा डुलला. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती.

"तुझ्या हातात बांधणी नाहीच. दुसरं काहीतरी बघ."

एवढंच बोलले आणि गेले.

पुढचे पाच महिने मी कापडी बांधणीचं काम घेतलं नाही. स्पायरल करून द्यायचो. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच दर कमी करायचो. कुणी "छान झालंय" म्हणालं तर वाटायचं, याला बांधणीतलं काय कळतंय? ज्यांना कळतं त्यांनी सांगून टाकलंय. हिने एकदा विचारलं, "अहो, मास्तर बोलले ते एका दिवशी. तुम्ही रोज का बोलताय?" मला उत्तर देता आलं नाही.

माझी ताई ठाण्याला शाळेत समुपदेशक आहे. तिने अल्बर्ट एलिस यांची पद्धत समजावली. न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते. त्या समजुतीशी वाद घालायचा, पुरावा मागायचा. ताईने मला ते वाक्य कागदावर लिहायला लावलं आणि 'नाहीच' मधल्या 'च'खाली रेघ मारली. "हा 'च' सिद्ध करून दाखव," म्हणाली. "आणि तुझ्या मनात आणखी एक 'च' आहे. मास्तरांना तू चांगला वाटायलाच पाहिजेस. तोही लिही."

दुसरा लिहिताना हात थांबला होता. तो जास्त खरा होता.

पुरावा म्हणजे आमची कामाची वही. रात्री दुकानात बसून तीन वर्षांची पानं उलटली. सहाशेच्या वर कामं, त्यांतली हे ४० खंड धरून परत आलेली ५१. आणि सगळी पावसाळ्यातली. मग एक खंड उसवला.

पुठ्ठ्यातले तंतू एका दिशेने असतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. दमट हवेत पुठ्ठा फुगतो तो मुख्यतः तंतूंना आडवा. म्हणून ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर, उभी ठेवायची. आतल्या अस्तराच्या कागदाचीही तशीच. मी पुठ्ठे आडवे कापले होते, कारण तसं कापलं की एका शीटमधून एक तुकडा जास्त निघायचा. पुठ्ठा एकीकडे ओढत होता, कागद दुसरीकडे. मुंबईच्या जुलैने उरलेलं काम केलं. तुकडा वाकवून बघितलं असतं तरी ग्रेन कळली असती. मास्तरांनी हे शिकवलंही होतं. पैसे वाचवायच्या नादात मी ते सोडलं होतं.

म्हणजे त्यांचा राग योग्य होता. खंड वाईटच बांधले होते. पण पुठ्ठा कसा कापायचा हा निर्णय होता, आणि निर्णय बदलता येतो. 'हातात बांधणी नाही' याला काय बदलणार? मला वाटतं, ज्याला पुस्तक आरपार दिसतं त्याला माणूसही आरपार दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. मास्तर आजही माझे गुरू आहेत, पण हे मी आता धरत नाही.

चाळीसही खंड पदरचे पैसे घालून पुन्हा बांधून दिले. मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. मी महिनाभर वाट बघितली, मग सोडून दिली.

२०२० मध्ये दुकान बरेच महिने बंद राहिलं. प्रबंधांचं काम कमी झालं ते परत आलं नाही. आता घरोघरच्या जुन्या पोथ्या आणि आजोबांच्या डायऱ्या दुरुस्तीला येतात, दोन मुलं कामाला आहेत.

वहीत तेव्हापासून एक रकाना वाढवला आहे : कारण. या जूनमध्ये दोन रजिस्टरं पाठीशी सुटून परत आली. खळ लावणारा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "दादा, मला जमतच नाही." मी वही उघडून त्याच्या हातात पेन दिलं. आम्ही दोघांनी पाठ सोलून पाहिली. त्याने लिहिलं : खळ पातळ, शिकंज्यातून लवकर काढलं.